रक्त परत येतं तेव्हा

आमच्या लोणंदच्या बाजारात कांद्याचे लिलाव सुरू झाले, की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. २०१६ सालच्या अशाच एका सकाळी माझा मोठा भाऊ आडतीवर हिशेबाची वही घेऊन बसला होता. वय अठ्ठावन्न. आम्ही त्याला भाईजान म्हणतो. नऊच्या सुमाराला त्याच्या छातीवर कुणी भरलेलं पोतं ठेवावं तसं जड वाटू लागलं. डावा हात भरून आला, अंगाला घाम सुटला. त्यानं ते सगळं पित्तावर घातलं, ओवा चघळला, सोडा प्यायला आणि हिशेब पुरा केला. घरी आला तेव्हा एक वाजला होता.

गावातल्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. एकदा पट्टीकडे आणि एकदा भाईजानकडे पाहिलं, ॲस्पिरिनची गोळी चावायला दिली आणि म्हणाले, ''आता एक मिनिटही घालवू नका.'' साताऱ्याच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत तीन वाजून गेले होते. तिथं हृदयाच्या धमनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं. पाऊण तासात छातीतलं दुखणं ओसरलं, चेहऱ्यावर रंग आला. भाईजाननं मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाला, ''चाय मंगाव.'' मला हसू आलं. आणि त्याच क्षणी त्याचे डोळे वर गेले. खाटेशेजारच्या पडद्यावरची रेघ वेडीवाकडी थरथरू लागली. मला कुणीतरी बाजूला सारलं. डॉक्टरांनी इस्त्रीसारख्या दिसणाऱ्या दोन मुठी त्याच्या छातीवर दाबल्या. त्याचं अंग एकदा उसळलं. रेघ सपाट झाली. मग एक ठोका, मग दुसरा, आणि मग नेहमीची ओळ.

बाहेर व्हरांड्यात आमचे नातेवाईक जमले होते. त्यांच्यापर्यंत एवढंच पोहोचलं, की माणूस बरा होता, बोलत होता, चहा मागत होता. सुई दिली आणि गेलाच होता. आठ दिवसांत भाईजान घरी आला, पण ती गोष्ट त्याच्या आधी लोणंदला पोहोचली होती. खरं सांगायचं तर ती सांगणाऱ्यांत मीही होतो. मी कविता लिहिणारा माणूस; प्रसंग रंगवून सांगण्याची खोड जुनी आहे.

पुढच्या वर्षी आमच्या आळीतल्या एका एसटीतून निवृत्त झालेल्या गृहस्थांना तोच त्रास झाला. डॉक्टर तेच इंजेक्शन द्या म्हणाले. घरच्यांनी हात जोडले. ''ती सुई नको, तुमच्या भाईजानचं काय झालं होतं ते आम्हाला माहीत आहे,'' असं त्यांच्या मुलानं मला नंतर सांगितलं. जीप केली आणि त्यांना घेऊन पुण्याकडे निघाले. जेजुरी मागे पडली, सासवड मागे पडलं, आणि दिवे घाट उतरण्याआधीच सगळं संपलं. सुई घेतली असती तर ते नक्की वाचले असते असं मी म्हणत नाही. पण त्या घरात जी भीती शिरली होती, ती माझ्या तोंडून निघालेल्या अर्ध्या गोष्टीची होती. उरलेली अर्धी मी नंतर डॉक्टरांना विचारून, पुस्तकं चाळून गोळा केली. आज तीच सांगायची आहे.

मंडळी, हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागतं, आणि ते त्याला स्वतःच्या धमन्यांतून मिळतं. त्यातल्या एखाद्या धमनीत गुठळी अडकली, की तिच्यापुढचा स्नायू उपाशी पडतो. तो लगेच मरत नाही. साधारण वीस मिनिटांनंतर आतल्या बाजूच्या पेशी मरू लागतात आणि ते मरण काही तासांत आतून बाहेर पसरत जातं. म्हणून डॉक्टरांची सगळी घाई असते ती बंद धमनी उघडण्याची. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शननं उघडा किंवा तार आणि फुगा घालून, म्हणजे अँजिओप्लास्टीनं उघडा, रक्त परत आलं पाहिजे.

मग रक्त परत आल्यावर हृदयानं बिथरावं का? उपाशी माणसासमोर ताट आलं तर त्यानं खावं, दंगा का करावा?

आमच्या भागातल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. लोणंदच्या शिवारात नीरा उजव्या कालव्याचं पाणी येतं. उन्हाळ्यात दोन आवर्तनांच्या मधे पाट कोरडे पडतात. मातीला भेगा जातात, घुशी भराव पोखरतात. त्या दिवसांत पाट फुटत नाही, कारण त्यात पाणीच नसतं. पाट फुटतो तो पाणी सुटल्यावर. म्हणून जाणता पाटकरी दार उघडून घरी जात नाही. तो फावडं खांद्यावर टाकून पाण्याबरोबर चालतो. पाट फुटतो म्हणून पाणीच नको, असं मात्र कुठलाही शेतकरी म्हणत नाही.

उपाशी पडलेल्या पेशीतही अशाच भेगा पडतात. प्राणवायू नसल्यामुळे पेशीत आम्ल साचतं. पोटॅशियम बाहेर गळतं, सोडियम आत वाढतं. पेशीला आपले क्षार जागच्या जागी ठेवायला सतत इंधन खर्चावं लागतं, आणि आता इंधनच संपलेलं असतं. अशा वेळी रक्त आलं, की पेशीबाहेरचं आम्ल झटकन धुतलं जातं. आतलं तसंच राहतं. ते बाहेर टाकायची घाई झालेली पेशी त्याच्या बदल्यात सोडियम आत घेते, आणि ते जादा सोडियम काढता काढता कॅल्शियम आत घेते. कॅल्शियम हा स्नायूला मिळणारा आकुंचनाचा हुकूम आहे. तो नको तेव्हा, नको तितका आला, की पेशी वरून ठोक्याची वाट न पाहता आपल्या मनानंच ठोके देऊ लागते. त्यातच प्राणवायू एकदम आल्यामुळे काही विध्वंसक रेणू तयार होतात आणि पेशीच्या आवरणाला डागण्या देतात. शिवाय सगळ्या पेशी एकाच वेळी सावरत नाहीत. एक जागी, दुसरी अर्धी झोपेत, तिसरी मेलेली. विजेची लहर अशा स्नायूतून जाताना वाट चुकते आणि गोल गोल फिरत राहते. हृदयाची लय बिघडते ती इथं.

ही बिघडलेली लय सगळ्या वेळी सारखी नसते. पुष्कळदा गुठळी विरघळली, की मिनिटाला साठ ते एकशेदहाच्या आसपास, रुंद आकाराचे काही ठोके पडद्यावर दिसतात. घरच्यांना ते पाहून धडकी भरते, पण ते बहुधा आपोआप थांबतात. अनुभवी डॉक्टर ते पाहून मनात म्हणतात, धमनी उघडली वाटतं.

दुसरी लय मात्र जीवघेणी. तिला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे खालचे दोन कप्पे ठोके न देता नुसते थरथरतात. रक्त पुढं जात नाही, काही सेकंदांत शुद्ध हरपते. ज्ञानोबा माउलींची पालखी लोणंदच्या मुक्कामाला येते तेव्हा आमच्या मोहल्ल्यातली पोरंही तळावर धावतात; मीही लहानपणी धावायचो. हजारो टाळ एका ठेक्यात वाजत असतात, म्हणून तर ते भजन. तेच टाळ ज्याच्या त्याच्या मनाला येईल तसे वाजू लागले तर? प्रत्येक टाळकरी वाजवतोच आहे, कुणी थांबलेलं नाही, पण भजन संपलेलं आहे. फिब्रिलेशन म्हणजे हेच.

आणि विजेचा झटका काय करतो, तेही त्याच तळावर पाहायला मिळतं. पालखी तळावर पोहोचली, की समाजआरतीआधी चोपदार आपला चोप उंच करतात, आणि क्षणात सगळे टाळ-मृदंग थांबतात. लाखाच्या तळावर शांतता पसरते. मग आरती सुरू होते, सगळ्यांची एका सुरात. झटका देणारं यंत्र म्हणजे डिफिब्रिलेटर, आणि तो हृदयाचा चोपदार. आपल्याला वाटतं, तो बंद पडलेलं हृदय सुरू करतो. खरं तर तो बेताल झालेलं सगळं एकदम थांबवतो. त्या शांततेत हृदयाच्या वरच्या कप्प्यातल्या नैसर्गिक केंद्राला पुन्हा ठेका धरता येतो. भाईजानची रेघ आधी सपाट झाली आणि मग ठोका आला, तो क्रम मला त्या दिवशी कळला नव्हता. १९४७ साली अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डॉ. क्लॉड बेक यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाचं हृदय शस्त्रक्रियेच्या टेबलावर असा झटका देऊन पहिल्यांदा वाचवलं. तेव्हापासून या थरथरीवर याहून खात्रीचा इलाज सापडलेला नाही.

असं किती जणांना होतं? २००९ साली अँजिओप्लास्टीसाठी आणलेल्या ५,७४५ रुग्णांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ३२९ जणांना, म्हणजे शंभरात सहापेक्षा थोड्या कमी लोकांना, झटक्याच्या त्या दिवसांत खालच्या कप्प्यांची जीवघेणी लय झाली. काहींना धमनी बंद असतानाच झाली, काहींना उघडताना, काहींना नंतर. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. रक्त परत येताना धोका आहे, पण रक्त न येण्यातही तोच धोका आहे, आणि वर स्नायू मरतो तो वेगळाच.

गुठळी विरघळवणाऱ्या औषधांचा हिशेबही उघड्यावर मांडलेला आहे. १९९४ साली नऊ मोठ्या चाचण्यांतल्या ५८,६०० रुग्णांची आकडेवारी एकत्र केली गेली. पहिल्या एक-दोन दिवसांत इंजेक्शन घेतलेल्यांत मृत्यू थोडे जास्त होते, विशेषतः उशिरा आलेल्यांत आणि वृद्धांत. आमच्या व्हरांड्यातली कुजबुज अगदीच निराधार नव्हती म्हणायची. पण महिनाभराचा हिशेब केला, तर सहा तासांच्या आत इंजेक्शन मिळालेल्या दर हजार माणसांमागे सुमारे तीस जीव वाचले होते. सात ते बारा तासांत आलेल्यांत हजारी सुमारे वीस. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोकाही असतो, शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. म्हणूनच डॉक्टर आधी विचारतात, पूर्वी अर्धांगवायू झाला होता का, नुकतं ऑपरेशन झालंय का. उत्तर खरं द्यावं, एवढंच आपलं काम.

आता प्रश्न असा, की पाट फुटूच नये म्हणून काही करता येतं का? या प्रश्नानं जगभरच्या संशोधकांची पन्नासेक वर्षं घेतली आहेत, आणि त्या शोधाची कहाणी माणसाला नम्र करणारी आहे.

पहिला विचार साधा होता. लय बिघडते ना, मग लय दाबणारं औषध आधीच द्या. लिग्नोकेन, दात काढताना हिरडी बधिर करायला वापरतात तेच, झटक्याच्या रुग्णांना सरसकट शिरेतून देत असत. फिब्रिलेशन कमी झालंही. पण १९८० च्या दशकाअखेर सगळ्या चाचण्यांची बेरीज केल्यावर दिसलं, की मृत्यू कमी झाले नव्हते. उलट वाढल्याचीच शंका होती. त्याच सुमारास अमेरिकेत झटक्यातून उठलेल्या आणि मधूनमधून जादा ठोके पडणाऱ्या रुग्णांवर एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांची चाचणी चालू होती. जादा ठोके छान थांबले. कार्डिओग्रामची पट्टी सुंदर दिसू लागली. आणि १,४९८ रुग्णांत औषध घेणारे ६३ जण दगावले, साखरेची गोळी घेणारे २६. १९८९ साली ती औषधं त्या चाचणीत घाईनं थांबवावी लागली. कवितेत आम्ही हे रोज पाहतो; मात्रा बरोबर बसवल्या, की ओळ जिवंत होतेच असं नाही. हृदयाच्या बाबतीत ही चूक माणसं मारून जाते.

मग मॅग्नेशियमची पाळी आली. १९९२ साली एका मध्यम चाचणीत त्यानं जीव वाचवल्याचं दिसलं आणि मोठी आशा निर्माण झाली. १९९५ साली ५८,०५० रुग्णांच्या चाचणीत तो फायदा दिसेनासा झाला. हृदयाचा वेग कमी करणाऱ्या मेटोप्रोलॉलची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. २००५ साली चीनमध्ये ४५,८५२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, ते लगेच शिरेतून दिल्यावर हजारी पाच जणांचं फिब्रिलेशन टळलं, पण हजारी अकरा जास्त रुग्णांचं हृदय इतकं थकलं, की रक्तदाब कोसळला. २०१६ साली युरोपात निवडक, रक्तदाब चांगला असलेल्या ६८३ रुग्णांना ते अँजिओप्लास्टीच्या आधी दिलं, तेव्हा सुरुवातीच्या काळातल्या जीवघेण्या लयी शंभरात ६.९ वरून ३.६ वर आल्या. म्हणजे औषध उपयोगी आहे, पण माणूस पाहून. थकलेल्या बैलाला आसूड काय आणि वेसण काय, दोन्ही जपून.

सर्वांत नवलाची कल्पना निघाली ती १९८६ साली, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात. मरी, जेनिंग्स आणि रायमर यांनी कुत्र्यांची धमनी चाळीस मिनिटं बंद करण्याआधी, पाच-पाच मिनिटं चार वेळा बंद करून उघडली. थोड्या थोड्या उपासाची सवय झालेल्या त्या हृदयांत मेलेला भाग एक चतुर्थांशच निघाला. पुढे दार हळूहळू, थांबत थांबत उघडून पाहिलं गेलं. आमच्या पाटकऱ्याची युक्ती. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर फुगवून-सोडून हृदयाला सावध करता येतं का, हेही पाहिलं गेलं. प्राण्यांत हे सगळं सुरेख चाललं. माणसांत नाही. २०१९ साली पाच हजारांहून जास्त रुग्णांवर दंडाच्या पट्ट्याची चाचणी पुरी झाली. ना मृत्यू कमी झाले, ना हृदय निकामी होणं.

मग हे कुठं साधलंच नाही का? साधलं, शस्त्रक्रियेच्या टेबलावर. हृदयावर शांतपणे टाके घालायचे तर ते थांबवावं लागतं, आणि नंतर पुन्हा रक्त सोडावं लागतं. १९५५ साली लंडनच्या डॉ. डेनिस मेलरोज यांनी पोटॅशियमचं द्रावण सोडून हृदय थांबवायची वाट दाखवली. सुरुवातीला मात्रा जास्त झाल्यानं स्नायूलाच इजा झाली. १९७० च्या दशकात सौम्य आणि थंडगार द्रावणं आली आणि ती पद्धत रुजली. थंड, निश्चल हृदय इंधन फार कमी खातं, म्हणून उपासाच्या भेगाही कमी पडतात.

आपल्या महाराष्ट्राचा या वाटेशी जुना संबंध आहे. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं. त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं केलं. रुग्ण काही तासच जगला. त्यानंतर मुंबईला सत्तेचाळीस वर्षं वाट पाहावी लागली. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यातल्या एका दात्याचं हृदय विमानानं मुंबईला नेऊन मुलुंडच्या रुग्णालयात बसवलं गेलं. पेटीतून नेलेल्या हृदयाला साधारण चार तासांच्या आत नवं रक्त मिळावं लागतं, म्हणून तर रस्ते मोकळे करतात. ते रक्त सोडल्यावर नवं हृदय कधी आपोआप ठोके देतं, कधी आधी थरथरतं. तेव्हा चमच्यासारख्या दोन पात्यांनी थेट हृदयाला हलका झटका देतात, आणि ते लयीत येतं. तिथं कुणी घाबरत नाही. कारण ही थरथर अपेक्षित असते आणि चोपदार हाताशी उभा असतो.

सगळा फरक इथंच आहे. शस्त्रक्रियेत रक्त कधी थांबणार आणि कधी परतणार हे डॉक्टर ठरवतात. झटक्यात ते गुठळी ठरवते, आणि आपण ओवा चघळत आणखी चार तास घालवतो. भारतातल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांची क्रिएट नावाची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत गेलेला मधला आकडा होता ३६० मिनिटं. सहा तास. पोहोचल्यावर इंजेक्शन मिळेपर्यंत मात्र पन्नास मिनिटं. भाईजाननंही घड्याळ धरून सहा तासच घालवले होते.

एक गोष्ट डॉक्टरांनी मला सांगितली, ती मी विसरलो नाही. प्रयोगशाळेत असं दिसतं, की फार उशिरा उघडलेल्या धमनीपुढं रक्त आल्यावर दंगा कमी होतो, आणि लवकर उघडलेल्या धमनीपुढं जास्त होऊ शकतो. ''कारण मेलेला स्नायू दंगा करत नाही,'' ते म्हणाले. ''दंगा जिवंत करतो. तुमच्या भावाचं हृदय थरथरलं, कारण त्यात वाचवण्यासारखं अजून बरंच शिल्लक होतं.'' रक्त परतल्यावरची थरथर हे इंजेक्शनचं पाप नव्हतं. फक्त ती थरथर जिथं घडेल तिथं यंत्र आणि माणूस हवा.

तर मग आपल्यासारख्यांनी काय करायचं? छातीच्या मधोमध दाबल्यासारखं दुखणं, ते हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, घाम, धाप, अचानक आलेला थकवा, यांपैकी काही वीस मिनिटं टिकलं, तर ते पित्त आहे हे आपण ठरवायचं नाही, ते कार्डिओग्रामला ठरवू द्यायचं. मधुमेह्यांना आणि बायकांना दुखणं कमी आणि अस्वस्थपणा जास्त असू शकतो. स्वतः मोटारसायकल चालवत जायचं नाही. वाटेत लय बिघडली तर चालवणारा आणि मागचा, दोघंही गेले.

अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होण्यासारखी असेल तर ती पहिली पसंती. तेवढ्यात पोहोचणं शक्य नसेल तर जवळच्या रुग्णालयात इंजेक्शन घ्यायचं आणि मग, शक्यतो चोवीस तासांच्या आत, मोठ्या ठिकाणी अँजिओग्राफीसाठी जायचं. साताऱ्या-सांगलीच्या खेड्यापाड्यांतल्या माणसासाठी ही दुसरी वाट अनेकदा खरी वाट असते. इंजेक्शननंतरचा प्रवास मात्र साध्या जीपनं करायचा नाही. आपल्या राज्यात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्यांपैकी २३३ प्रगत उपचारांच्या होत्या, म्हणजे मॉनिटर आणि झटक्याचं यंत्र असलेल्या. गाडी मागताना छातीचं दुखणं आहे हे स्पष्ट सांगावं आणि मॉनिटरची गाडी आहे का हे विचारावं. विचारण्यात संकोच कसला!

डॉक्टर पोटॅशियम का तपासतात, हेही घरच्यांना माहीत असावं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी किंवा जुलाबांनी ते उतरलेलं असलं, तर लय बिघडायला निमित्तच मिळतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत. आणि पहिल्या ४८ तासांत असा झटका द्यावा लागला म्हणजे माणूस जन्मभर विजेवर जगणार, असा अर्थ नाही. स्नायू सावरला की ही लय सहसा पुन्हा डोकं वर काढत नाही. पुढचा निर्णय हृदयाची ताकद मोजून डॉक्टर घेतात.

आणि माणूस समोरच कोसळला, शुद्ध नाही, श्वास नाही, तर? तेव्हा आपले हात हेच यंत्र. छातीच्या मधोमध तळहात ठेवून पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायचं, आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा. काहीच न केलं, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. एकशेदहाच्या आसपासची ती लय अंगात भिनवायला एक दिवसाचं प्रशिक्षण पुरतं. बाजार समित्यांनी, गणेश मंडळांनी, आमच्या मोहल्ला कमिट्यांनी, दिंड्यांनी ते जरूर घ्यावं. लाखो माणसं जिथं चालतात, तिथं एक चोप असा हाताशी असावा.

भाईजान आजही आडतीवर जाऊन बसतो. पोतं उचलत नाही, विडी सोडली आहे, गोळ्या वेळेवर घेतो. त्याला त्या दिवसातलं एवढंच आठवतं, की चहा मागितला होता आणि तो काही मिळाला नाही. हे तो बाजारात सगळ्यांना हसत सांगतो. पूर्वी मी तिथंच गोष्ट थांबवायचो.

आता थांबवत नाही. शेजारच्या आळीतून जाताना त्या एसटीतल्या गृहस्थांचं दार दिसतं. त्यांचा मुलगा भेटला, की दोन शब्द बोलतो. सुईबद्दल तो मला काही विचारत नाही आणि मलाही त्याला काही सांगवत नाही. म्हणून इतर सगळ्यांना सांगतो. सुई दिली, रक्त परत आलं, हृदय बिथरलं, आणि यंत्र जवळ होतं म्हणून माझा भाऊ वाचला. गोष्ट एवढी आहे. सांगाल तेव्हा पूर्ण सांगा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)